रे बरेटोचं 'अ‍ॅसिड' : नावावर जाऊ नका

डावा_डग्गा

"साल्सा आवडतं हो, पण अर्ध्या तासाने सगळं एकच गाणं वाटायला लागतं." ही तक्रार या विभागात बऱ्याच जणांनी केली आहे. त्या सगळ्यांसाठी हा धागा. काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजवणाऱ्या रे बरेटोचा 'अ‍ॅसिड' हा अल्बम. फानिया कंपनी, १९६८. आठ गाणी, सगळी मिळून पस्तीसेक मिनिटं.

आधी नावाचं बघू. १९६८ साल, त्यात 'अ‍ॅसिड' (एलएसडी या नशेचं बोलीतलं नाव), म्हणजे उलट्या वाजवलेल्या टेपा, किंचाळणारी गिटार वगैरे काहीतरी असणार अशी समजूत होते. तसलं यात काहीच नाही. दोन ट्रंपेट, पियानो, बास, काँगा, तिंबालेस (काठ्यांनी वाजवायची धातूच्या ढोलांची जोडी) आणि गायक, एवढाच संसार. त्या दिवसांत खप हवा असेल त्याने असं काहीतरी नाव ठेवायची पद्धतच होती. यातल्या 'अ डीपर शेड ऑफ सोल'चं नावसुद्धा आदल्या वर्षी गाजलेल्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'ला मारलेली कोपरखळी आहे हे उघड आहे.

बरेटो १९२९ साली न्यूयॉर्कात जन्मला. आईवडील प्वेर्तो रिकोहून आलेले. सैन्यात असताना जर्मनीत त्याने जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीची 'मान्तेका' ऐकली, तिच्यातला चानो पोसोचा काँगा ऐकला, आणि पुढे काय करायचं ते तिथेच ठरलं. १९५७ मध्ये काँगावादक मोंगो सांतामारियाने टिटो प्वेन्तेचा बँड सोडला तेव्हा त्या जागी बरेटो आला. म्हणजे साल्साच्या घराण्यातली तालीम एकदम वरच्या दर्जाची. पण त्याच वर्षांत तो जॅझवाल्यांच्या स्टुडिओतही रोजचा गडी होता. लू डोनाल्डसनची 'ब्लूज वॉक' (१९५८) किंवा केनी बरेलची 'मिडनाइट ब्लू' (१९६३) काढून ऐका. काँगा मागे बसलेला आहे, कुठेही मिरवत नाही, पण तो काढून घेतला तर रेकॉर्ड कोसळेल. ब्लूजमध्ये काँगा कुठे बोलवायचा आणि कुठे गप्प बसवायचा, हे या माणसाला 'अ‍ॅसिड'च्या दहा वर्षं आधीपासून माहीत होतं. माझ्या मते या अल्बमचं सगळं गुपित तिथे आहे.

मधल्या काळात १९६३ मध्ये त्याचं 'एल वातुसी' बिलबोर्डच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत चढलं. तेव्हा त्याच्याकडे बासरी आणि व्हायोलिनवाला चरांगा पद्धतीचा बँड होता. ते यश काही पुन्हा हाती लागेना. व्हायोलिनं जाऊन ट्रंपेट आली, कंपन्या बदलल्या, आणि शेवटी तो फानियाकडे आला. जॉनी पाचेको आणि जेरी मसूची यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी तेव्हा अजून लहानच होती. 'अ‍ॅसिड' हा त्याचा फानियावरचा पहिला अल्बम. निर्माता हार्वी एव्हर्न, ब्रुकलिनचा ज्यू पोरगा, जो एकेकाळी 'आर्व्हितो' असं लॅटिन नाव लावून सुट्टीच्या ठिकाणी बँड चालवायचा. न्यूयॉर्क!

आता गाणी. पहिलं 'एल न्युएव्हो बरेटो', म्हणजे 'नवा बरेटो'. नावातच घोषणा आहे, पण गाणं घाई करत नाही. पियानो एक तुकडा धरतो, गायक आत शिरतात, ट्रंपेट मागून ढकलतात, आणि आपण कधी डोलायला लागलो ते कळत नाही. 'मर्सी मर्सी बेबी' छोटं आणि नाचरं. मग शीर्षकगीत. इथे बास एकच बोल धरून बसतो, हटत नाही, आणि त्यावर ट्रंपेट आणि तालवाद्यं आळीपाळीने बोलतात. पाच मिनिटं काही 'घडत' नाही आणि एक क्षण कंटाळा येत नाही.

दुसऱ्या बाजूला 'द सोल ड्रमर्स'. एकच गाणं ऐकायचं असेल तर हे ऐका. त्याच्या लगेच पुढे 'सोला ते देहारे', अस्सल स्पॅनिश, क्यूबन वळणाचं, सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताचा वास नाही. त्याच बँडने, त्याच वाद्यांवर. कुठेही टाका दिसत नाही. शेवटी 'एस्पीरितु लिब्रे', आठ मिनिटांच्या वर, जॅझकडे कललेलं. इथे बरेटो श्रोत्याला विचारत नाही, स्वतःसाठी वाजवतो.

माझं म्हणणं इतकंच : त्या काळातल्या बहुतेक 'मिश्र' रेकॉर्डांत एक बाजू दुसरीची नक्कल करते. इथे दोन्ही भाषा घरच्या आहेत. असहमत असाल तर भांडा, पण ऐकून भांडा.

सोनचाफा

ऑफिसात हेडफोन लावून पहिली बाजू ऐकली. शीर्षकगीताला टेबल वाजवत होते, शेजारचा वळून बघायला लागला :ड
इंग्रजी गाणी कोण गातंय? बरेटो स्वतः?

डावा_डग्गा

नाही, तो काँगा सोडत नाही. गायक दोन आहेत, पीट बोनेट आणि अदाल्बेर्तो सांतियागो. इंग्रजीत ऐकू येतो तो मुख्यतः बोनेट. सांतियागो म्हणजे स्पॅनिश बाजूचा हुकमी एक्का. 'सोला ते देहारे'त समूह तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि तो मधल्या जागा भरत जातो, ते मुद्दाम ऐका. तिंबालेसवर ओरेस्तेस बिलातो आहे, त्याच्याबद्दल कोणीतरी जाणकाराने लिहावं.

खवट_खोबरं

बँड उत्तम आहे, वाद नाही. पण जरा धंद्याचं बोलू. १९६६ मध्ये जो क्यूबाचं 'बँग बँग' तुफान चाललं, पुढच्या वर्षी पीट रॉड्रिगेझचं 'आय लाइक इट लाइक दॅट' आलं, आणि मग न्यूयॉर्कातला प्रत्येक लॅटिन बँड इंग्रजीत 'बेबी बेबी' करायला लागला. बरेटोही त्याच रांगेतला. १९६३ नंतर हिट नव्हतं, हे धाग्यातच लिहिलं आहे. याच अल्बममधल्या 'टीचर ऑफ लव्ह'चे शब्द एकदा वाचून बघा आणि सांगा की हे दोन घरच्या भाषांचं मीलन आहे.

एडी पालमिएरीसारख्या पियानोवादकाने बुगालूला, म्हणजे लॅटिन ताल आणि सोलच्या या मिश्रणाला, उघड नाकं मुरडली होती. त्याला काही ताल कळत नव्हता असं तर नाही ना?

न्यूजर्सीकर

खोबरेबुवा, पालमिएरीने नाकं मुरडली हे खरं, पण त्याच्या १९६८ च्या 'शँपेन'मध्ये 'आय के रिको' आहे, आणि तो बुगालूच आहे. टिटो प्वेन्तेलाही आवडत नव्हता, त्यानेही वाजवला. पोटासाठी वाजवला असं म्हणाल तर ठीक, पण मग बरेटोलाच वेगळा न्याय का?

दुसरं, ही लाट कंपन्यांनी वरून लादली असं वाटत असेल तर 'बँग बँग'ची जन्मकथा ऐका. पाम गार्डन्स नावाच्या न्यूयॉर्कमधल्या नाचघरात जो क्यूबाचा कार्यक्रम होता आणि समोर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय लोक होते. माम्बो, चाचाचा वाजत होता आणि मंडळी खुर्च्यांना चिकटून. गायक आणि तिंबालेसवादक जिमी साबातेर याच्या डोक्यात एक तुकडा घोळत होता. 'हा वाजवून बघू' म्हणून तो मागे लागला, जो क्यूबा तयार नव्हता, शेवटी पियानोवाल्याने तुकडा धरला. लोक उठले आणि नाचता नाचता स्वतःच काहीबाही ओरडायला लागले. ते ओरडणं पुढे गाण्यात आलं. म्हणजे समूहगान श्रोत्यांनी रचलं आहे. याला लादलेलं कसं म्हणायचं?

आणि ती पोरं कोण होती ते पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोहून लाखो लोक न्यूयॉर्कात आले. पूर्व हार्लेम, साउथ ब्राँक्स. त्यांच्या मुलांचे शेजारी, वर्गातले मित्र, बास्केटबॉलच्या मैदानावरचे भिडू हे आफ्रिकन अमेरिकन. घरात आईबापांचे बोलेरो, जिन्यात डू-वॉप, रेडिओवर मोटाउन कंपनीचं सोल. त्यात क्यूबाशी अमेरिकेचं बिनसलं, व्यापार बंद झाला आणि हवानाहून येणारं नवं संगीत आटलं. १९६६ मध्ये ब्रॉडवेवरचं पॅलेडियम बंद पडलं, जिथे माम्बोच्या मोठ्या बँडांचं राज्य होतं. या पोरांनी मग जवळ होतं त्यातून आपलं काहीतरी बनवलं. जो बतानचंच घ्या : वडील फिलिपिनो, आई आफ्रिकन अमेरिकन, वाढला स्पॅनिश हार्लेममध्ये. १९६७ मध्ये त्याने कर्टिस मेफिल्डचं 'जिप्सी वुमन' लॅटिन तालावर गायलं. त्याला विचारा घरची भाषा कोणती!

बरेटो या पोरांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा, एवढा फरक मात्र खरा. तो चाळिशीला टेकलेला होता आणि सगळं वाजवून झालेला. म्हणूनच 'अ‍ॅसिड'मध्ये पोरांच्या रेकॉर्डांमधला कच्चेपणा नाही. (मला तो कच्चेपणाही आवडतो, जॉनी कोलोनचा 'बुगालू ब्लूज' म्हणजे निव्वळ आगाऊपणा आहे. ते असो.)

मात्रा_चौदा

तालाबद्दल थोडं लिहितो, कारण 'मिश्रण, मिश्रण' सगळे म्हणतात, पण नेमकं काय मिसळायचं होतं ते कोणी सांगत नाही.

क्यूबन संगीतात क्लावे नावाचं दोन मापांचं चक्र असतं. एका मापात तीन आघात, दुसऱ्यात दोन. आपल्या ठेक्यासारखं ते सतत कानावर पडेलच असं नाही. कित्येकदा ते कोणीही वाजवत नाही, पण पियानो, बास, ट्रंपेट, गायक, सगळे मनात तेच धरून चालतात. आता गंमत बासची. क्यूबन बास समेवर येतच नाही. तो आधीच्या मापाच्या शेवटच्या ठोक्यावर येऊन बसतो आणि सम नुसती तरंगत जाते. काँगाचे उघडे बोलही मापाच्या शेवटी, समेच्या अगदी तोंडावर.

सोलचं बरोबर उलटं. जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये सम म्हणजे देव, सगळ्यांनी मिळून ती दाखवायची. आणि दुसऱ्या, चौथ्या ठोक्यावर स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ढोल) नाहीतर टाळी.

म्हणजे एक संगीत समेला टाळतं आणि दुसरं समेवर उडी मारतं. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की सहसा चिखल होतो. 'अ‍ॅसिड'मध्ये काय केलंय? इंग्रजी गाण्यांत बास सोलच्या पक्षात जातो, सम दाखवतो. काँगा मात्र आपली जागा सोडत नाही, तो समेच्या आधीच बोलून मोकळा होतो. दोघांच्या मध्ये जी पोकळी उरते तिच्यात पियानो. 'सोल ड्रमर्स' या कानाने ऐका. 'सोला ते देहारे'त बास परत क्यूबन होतो आणि समेला वळसा घालतो. वादकांच्या यादीत ड्रमसेटवाला नाही हेही लक्षात घ्या. सोलचा सगळा ठोका काँगा, तिंबालेस आणि टाळ्या यांच्यातून काढला आहे. ड्रमसेट असता तर त्याने स्नेअर हाणून प्रश्न सोडवला असता आणि रेकॉर्ड सामान्य झाली असती.

बिलातोबद्दल : क्यूबात जन्मलेला, तिंबालेसच्या कडांवर काठी कमी आणि नेमकी वाजवणारा. त्याचे तुकडे सुटे करून ऐकले तर बोलपढंत केल्यासारखे वाटतात.

सोनचाफा

मात्राकाका, वाखूसा (वाचनखूण साठवली)! बासवर लक्ष ठेवून परत ऐकते.

वेताळटेकडी

आमच्या पुण्यातल्या साल्साच्या क्लासात शिक्षकाला हे लावायला सांगितलं. दोन मिनिटांत बंद केलं, म्हणे 'काउंट सापडत नाही पोरांना'. :फिदी: खरंय पण. 'अ‍ॅसिड'वर क्लासातली पावलं बसत नाहीत, फार संथ आणि जड आहे ते. 'सोला ते देहारे'वर मात्र मस्त नाचता येतं, आणि 'एल न्युएव्हो बरेटो'वर चाचाचाची पावलं टाकली तर चालून जातात. बुगालूला तशी ठरलेली पावलं नव्हतीच ना? ज्याला जसं जमेल तसं.

एक बारीक शंका : १९६८ ला याला साल्सा म्हणायचे का?

न्यूजर्सीकर

सर्रास नाही. तो शिक्का सत्तरच्या दशकात पक्का झाला, फानियाच्याच जाहिरातबाजीने. रेकॉर्डांवर तोवर गुआहिरा, सोन मोंतुनो, बुगालू असे प्रकार छापायचे.

हापूस_पायरी

'आय लाइक इट लाइक दॅट'वरून आठवलं. २०१८ मध्ये कार्डी बीचं जे गाणं प्रत्येक लग्नाच्या संगीतला वाजत होतं ना, त्याच्या पोटात हेच पीट रॉड्रिगेझचं गाणं आहे. आजोबांचं गाणं नातवंडांनी एक नंबरला नेलं.

गच्चीवरचा_रेडिओ

आणि 'अ डीपर शेड ऑफ सोल' नव्वदच्या सुमारास अर्बन डान्स स्क्वाड या डच बँडने उचललं होतं. रॅप, गिटार आणि खाली बरेटो. अमेरिकेच्या यादीत २१ पर्यंत गेलं. आम्ही कॉलेजात ते ऐकून बरेटोपर्यंत पोचलो, म्हणजे उलट्या बाजूने जिना चढलो.

ज्यांना बरेटो वाजवताना पाहायचाय त्यांनी 'समर ऑफ सोल' (२०२१) हा माहितीपट बघा. १९६९ मध्ये हार्लेमच्या माउंट मॉरिस पार्कात झालेल्या महोत्सवाचं चित्रण, जे पन्नास वर्षं तसंच पडून होतं. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, स्ली स्टोन यांच्या मांदियाळीत बरेटो 'टुगेदर' घेऊन उभा आहे, आपण सगळे एक आहोत असं ओरडून सांगतोय. 'हे सगळं खपासाठी' म्हणणाऱ्यांनी तो चेहरा बघावा.

खवट_खोबरं

चेहरा बघितलाय. माणूस प्रामाणिक आहे, माझा आक्षेप शब्दांवर होता आणि आहे. स्पॅनिश गाणी लिहिताना ज्या पिढ्यांच्या काव्याचा आधार मिळतो तो इंग्रजी गाण्यांना नाही. 'टीचर ऑफ लव्ह' ऐकताना कळतं की शब्द म्हणजे नुसतं तालाला दिलेलं निमित्त आहे. मात्रा_चौदा यांचं विवेचन वाचून उलट माझंच म्हणणं पक्कं झालं : सगळी बुद्धी तालात खर्च झाली.

आणि लाट इतकी खरी होती तर दोन-तीन वर्षांत ओसरली कशी? १९६९-७० नंतर बुगालू कुठे आहे?

न्यूजर्सीकर

ओसरली की ओसरवली, यावर अजून वाद आहेत. त्या काळातले काही वादक सांगतात की जुन्या बँडवाल्यांनी, कार्यक्रमवाल्यांनी मिळून या पोरांची कोंडी केली. कमी पैशात एका रात्रीत चार ठिकाणी वाजवायला लावायचे, कुरकुर केली की कामं बंद, रेडिओ बंद. दुसरी बाजू अशी की फानियालाच पुढे एकसंध 'साल्सा' विकायचा होता, स्पॅनिशमधला, लॅटिन अस्मितेचा. बुगालू त्या चौकटीत बसत नव्हता. मला दुसरं जास्त पटतं. विली कोलोनचा 'एल मालो' १९६७ चा, फानियाचाच. त्यात बुगालू आहे आणि पुढच्या साल्साची सगळी दादागिरीही आहे. तिथून पुढे कोलोन साल्साकडेच गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शब्दांबद्दल मात्र तुमच्याशी भांडत नाही. निम्मं सोल संगीत त्या निकषावर नापास होईल, मोटाउनसकट.

म्हार्दोळ

अवांतर, पण राहवत नाही. हे लॅटिन ताल मुंबईला नवे नव्हते. रुंबा, माम्बो, चाचाचा चाळीस-पन्नासच्या दशकांत हॉटेलांतल्या डान्स बँडांकडे आले, आणि ते बँड बहुतांशी आम्हा गोंयकारांचे. तिथून सिनेमात. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेटचा ट्रंपेट आहे. चिक चॉकलेट म्हणजे आल्दोनाचा आंतोनियो शाव्हिएर व्हाज. त्याचा अख्खा बँड पडद्यावरही दिसतो. बोंगो आणि तत्सम वाद्यं स्टुडिओत रुजवली कावस लॉर्ड यांनी, आणि पुढे त्यांच्या मुलाने, केर्सी लॉर्डने.

बरेटोशी थेट नातं काही नाही, ओढूनताणून जोडायचंही नाही. झरा तोच क्यूबाचा, इतकंच. पण न्यूयॉर्कात त्या तालाला सोल भेटलं, मुंबईत तो चितळकरांच्या (म्हणजे सी. रामचंद्रांच्याच) चालींत आणि ढोलकी-ढोलकच्या शेजारी येऊन बसला.

मात्रा_चौदा

@म्हार्दोळ, यावर वेगळा धागा काढाच. इथे चार ओळींत उरकू नका.

सोनचाफा

बासवाला प्रयोग केला. 'सोल ड्रमर्स' संपून 'सोला ते देहारे' सुरू होतं तिथे अक्षरशः पायाखालची जमीन सरकते. आधी समेवर पाय पडत होता, आता पडायला जागाच नाही! बासवाला कोण आहे?

डावा_डग्गा

बॉबी रॉड्रिगेझ, टोपणनाव 'बिग डॅडी'. टिटो प्वेन्तेकडे त्याच नावाचा दुसरा बासवादक होता, त्यामुळे नेटवर दोघांची खिचडी झालेली असते, जपून वाचा. ट्रंपेटवर रेने लोपेझ आणि रोबेर्तो रॉड्रिगेझ, पियानोवर लुई क्रूझ.

याच बँडचं पुढे काय झालं हेही सांगतो. १९७२ मध्ये सांतियागो, बिलातो आणि आणखी काही जण एकदम बाहेर पडले आणि 'तिपिका ७३' काढला. बरेटोच्या हातात फक्त नाव उरलं. नवी माणसं गोळा करून त्याने १९७३ मध्ये 'इन्डिस्ट्रक्टिबल' काढला. मुखपृष्ठावर हा चश्मा लावलेला आडदांड गडी क्लार्क केंटसारखा सदरा फाडून आतला सुपरमॅनचा पोशाख दाखवतोय. राग गिळायची पद्धत आवडली आपल्याला. सेलिया क्रूझबरोबरच्या 'रित्मो एन एल कोराझोन'ला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं. शेवटची वर्षं पुन्हा जॅझमध्ये. गेला २००६ मध्ये, न्यू जर्सीत.

वेताळटेकडी

यानंतर काय ऐकू? नाचायचं नसेल तर आणि असेल तर, दोन्ही सांगा.

डावा_डग्गा

नाचायचं नसेल तर बरेटोचाच 'टुगेदर' (१९६९). काळाच्या ओघाने जरा जास्त गंभीर, जॅझ वाढलेला. नाचायचं असेल तर 'हार्ड हँड्स' (१९६८), 'अ‍ॅसिड'च्या लगेच मागोमागचा. ते त्याचं टोपणनावच होतं, काँगावर असे हात पडायचे म्हणून. आणि 'अ‍ॅसिड'मधल्या सोलच्या भागाने ज्यांना ओढलंय त्यांनी थेट जो बतानकडे जावं, 'जिप्सी वुमन' आणि मग 'रायट!'. बतानचा आवाज पट्टीचा नाही, पण त्या आवाजात हार्लेमची गल्ली ऐकू येते.

खवट_खोबरं

'रायट!' चांगला आहे. आणि त्याचे शब्दही बरे आहेत, हे नोंदवून ठेवतो.

म्हार्दोळ

वेगळा धागा टाकलाय : 'मुंबईचे गोंयकार वादक आणि चाचाचा'. कावस लॉर्डबद्दल कोणाकडे आणखी माहिती असेल तर तिकडे या.